लखनौची पाखरे आणि जमिनीचा प्रश्न

पक्ष्यांचा प्रश्न हा निवांत वर्गाच्या छंदाचा प्रश्न आहे, अशी समजूत पुरोगामी चळवळीतही बरीच खोलवर रुजलेली आहे. गळ्यात दुर्बीण अडकवून पहाटे तळ्याकाठी जाणाऱ्या मंडळींचे ते काम. शेतकऱ्याला हमीभाव, शेतमजुराला किमान वेतन आणि बेघराला छप्पर हे प्रश्न समोर उभे असताना धनेश पक्षी कोठे घरटे करतो याची चौकशी करीत कोणी बसावे? वरवर पाहता हा सवाल बिनतोड वाटतो. परंतु उत्तर प्रदेशच्या राजधानीभोवतालचा पन्नास किलोमीटरचा टापू नीट पाहिला, म्हणजे या सवालातला कच्चेपणा ध्यानात येतो. तेथे पाखरांच्या वाटेत जे आडवे येत आहे, तेच लहान बागायतदाराच्या, शेतमजुराच्या आणि नदीकाठच्या झोपडीवासीयाच्याही वाटेत आडवे येत आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. उत्तर प्रदेशच्या एकूण भूभागापैकी जेमतेम सहा टक्के क्षेत्रावर वनाच्छादन आहे, आणि त्यातले बहुतेक नेपाळच्या सीमेलगतच्या तराईत, विंध्याच्या डोंगरात व बुंदेलखंडात आहे. मधला गंगा-गोमतीचा सखल प्रदेश म्हणजे गहू, भात, ऊस आणि बटाट्याची सलग शेते. लखनौच्या जवळ वन म्हणून जे दाखविले जाते ते कुकरैलचे. आणि तेही नैसर्गिक नव्हे, तर १९५०च्या दशकात लागवड करून उभे केलेले. खरे साल वृक्षांचे अरण्य पाहायचे तर दुधव्यापर्यंत दोनशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. या हिशेबाने लखनौच्या आसपास वनपक्षी असण्याचे काही कारणच नव्हते.

तरीही ते आहेत. राखी धनेश आहे, हरियाल आहे, कुटुर्गा व तांबट आहेत, सुतार पक्षी, टकाचोर, पिंगळा आहेत. उन्हाळ्यात हळद्या येतो. महाराष्ट्रात हिवाळ्यात जो हळद्या दिसतो तो बहुतांशी उत्तरेकडील मैदानांतून व पर्वतपायथ्यांतून उतरून आलेला पाहुणा असतो, हे येथे जाता जाता सांगितले पाहिजे. म्हणजे लखनौच्या आमराईचे जे होईल त्याच्याशी विदर्भाच्या किंवा पुण्याच्या बागेचाही संबंध आहे. जॉर्ज रीड याने १८८१ मध्ये लखनौ विभागातील पक्ष्यांची विस्तृत यादी ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या नियतकालिकाचा संपादक ॲलन ह्यूम, म्हणजे चार वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच इंग्रज अधिकारी. लखनौच्या परिसराची पाखरे एवढ्या पूर्वीपासून नोंदली गेली आहेत, आणि त्या वेळीही येथे घनदाट अरण्य नव्हते. मग ही पाखरे कशाच्या आधाराने टिकली?

उत्तर साधे आहे: शेतांमधल्या झाडांच्या आधाराने. मलिहाबाद, काकोरी, माल या भागांतील आंब्याच्या बागा, गावकुसाबाहेरचे वड, पिंपळ, पाकड व उंबर, शारदा कालव्याच्या काठची झाडे, जुन्या कबरस्तानांतील चिंचा आणि कडुनिंब, नवाबी काळातील बागांचे उरलेसुरले तुकडे. आलमबाग, चारबाग, कैसरबाग, सिकंदरबाग ही नावे आज रेल्वे स्थानकांना, बसथांब्यांना आणि बाजारांना लागलेली आहेत. त्यांतली ‘बाग’ नावापुरतीच उरली. त्यातल्या त्यात सिकंदरबागेचे दैव बरे, की तेथे राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे.

वनाचे तुकडे झाले म्हणजे त्यातील पक्ष्यांचे काय होते, या प्रश्नावर गेल्या अर्धशतकात जगभर पुष्कळ काम झाले आहे. मॅकआर्थर आणि विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये बेटांवरील जीवसृष्टीचा सिद्धांत मांडला: बेट जितके लहान आणि मुख्य भूमीपासून जितके दूर, तितक्या त्यावर टिकणाऱ्या जाती कमी. पुढे हाच विचार वनाच्या तुकड्यांना लावण्यात आला. तुकडा म्हणजे बेट आणि भोवतालची शेती म्हणजे समुद्र. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ १९७९ पासून या विषयावर प्रत्यक्ष प्रयोग सुरू झाला. कुरणांसाठी तोडल्या जाणाऱ्या ॲमेझॉनच्या अरण्यात ठरावीक आकाराचे तुकडे राखून त्यांत काय घडते ते वर्षानुवर्षे पाहण्यात आले. झाडाखालच्या अंधाऱ्या थरात राहणारे, किडे टिपणारे पक्षी अवघ्या शंभरेक मीटरची मोकळी जागाही ओलांडायला तयार होत नाहीत, असे आढळले. पनामात गाटून सरोवरावर अशाच काही जातींचे पक्षी नावेतून सोडून पाहिले, तेव्हा त्यांतल्या काहींना शंभर मीटर अंतरही उडत पार करता आले नाही. पंख असले म्हणजे पाखरू कोठेही जाऊ शकते, हा आपला सर्वसाधारण समज किती फसवा आहे हे यावरून दिसते. पंख उडण्यासाठी असतात खरे, पण उघड्यावर येण्याची भीती आणि दमछाक या दोन गोष्टी पंखांना बांधून ठेवतात.

मात्र शेती म्हणजे समुद्र, हे समीकरण पुरते खरे नाही. कोस्टारिकाच्या दक्षिण भागात कॉफीच्या मळ्यांनी वेढलेल्या प्रदेशात संशोधकांनी वनपक्ष्यांच्या अंगावर चिमुकली रेडिओ-यंत्रे बसवून त्यांचा मागोवा घेतला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, शेतीच्या मुलुखात जगणारे पक्षी ओढ्याकाठच्या झाडांचा, लहानसहान राईंचा आणि एकेकट्या उभ्या झाडांचा त्यांच्या क्षेत्रफळाच्या मानाने कितीतरी अधिक उपयोग करतात. त्याच देशात दुसऱ्या एका प्रयोगात पक्षी घरापासून दूर नेऊन सोडण्यात आले. जंगलावर अवलंबून असलेली जात नदीकाठच्या झाडीच्या पट्ट्यातून लवकर परतली. कुंपणाच्या एकेरी रांगेने तिचे तितके भागले नाही. कोठेही जगणारी दुसरी जात दोन्ही वाटांनी आली. म्हणजे कोणती वाट कोणाला पुरते, हे त्या त्या जातीच्या जीवनक्रमावर ठरते.

या कोस्टारिकाच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि निसर्गप्रेमी मासिकांतून तिच्याबद्दल फारसे लिहिले जात नाही. कॉफीच्या बागेत सावलीची झाडे ठेवायची की तोडायची, याचा निर्णय पाखरांकडे पाहून होत नाही, आणि पुष्कळदा बागायतदाराकडे पाहूनही होत नाही. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत कोलमडली, जागतिक बाजारात कॉफीचे भाव गडगडले आणि लॅटिन अमेरिकेतील लहान उत्पादकांच्या पायाखालची जमीनच सरकली. मळे विकले गेले. कित्येक ठिकाणी कॉफी उपटून तेथे गुरांची कुरणे आली. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातील आकड्यावर एका डोंगरउतारावरील पाखराचे आश्रयस्थान अवलंबून राहावे, ही आजच्या अर्थव्यवस्थेची खरी जीवशास्त्रीय करामत आहे.

आता पुन्हा अवधकडे वळू. येथील पक्षी ॲमेझॉनच्या अंधाऱ्या थरातील पक्ष्यांइतके भित्रे नाहीत. ते विरळ, पानगळीच्या वनांत वाढलेल्या जातींचे आहेत. उघडी जागा ओलांडण्याची सवय त्यांना आहे. धनेशाचेच पाहा. तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, तेथून तिसऱ्यावर असा टप्प्याटप्प्याने जातो. त्याच्या आहाराचा मोठा भाग म्हणजे वड-पिंपळ-उंबराच्या वर्गातील फळे. या झाडांचे वैशिष्ट्य असे की, ती सगळी एकाच वेळी फळत नाहीत. आज हा पिंपळ, पंधरवड्याने तो पाकड. म्हणून एखादे भले मोठे झाड राखून धनेशाचे भागत नाही. त्याला अनेक झाडे लागतात आणि ती एकमेकांपासून त्याच्या उड्डाणाच्या टप्प्यात असावी लागतात. विणीचा प्रश्न त्याहून बिकट. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, विष्ठा व माती यांनी ढोलीचे तोंड लिंपून केवळ एक फट ठेवते, आणि नर त्या फटीतून आठवडेच्या आठवडे तिला व पुढे पिलांना चारा भरवतो. अशी ढोली वीस-तीस वर्षांच्या झाडाला नसते. तिला म्हातारे, कोठे कोठे कुजलेले, लाकूडव्यापाऱ्याच्या दृष्टीने ‘निकामी’ झालेले झाड लागते. सुतार आणि तांबट मेलेल्या फांदीत भोक कोरतात. त्याच भोकांत पुढे पिंगळा, मैना, पोपट संसार थाटतात. नीलकंठालाही असेच बिळ किंवा ढोली लागते. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात त्या या पक्ष्याची संख्या देशभर घसरत असल्याचे ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३च्या अहवालाने नोंदविले. ज्या ३३८ जातींच्या दीर्घकालीन स्थितीचा अंदाज या अहवालाला बांधता आला, त्यांपैकी २०४ जाती घटल्या आहेत. आणि एकाच प्रकारच्या अधिवासावर अवलंबून असणाऱ्या जातींची घसरण अधिक आहे.

तेव्हा प्रश्न असा की, ही जुनी झाडे आणि त्यांच्यामधली वाट कोणी निर्माण केली आणि कोण मोडीत आहे? याचे उत्तर पक्षिशास्त्रात नाही. ते अवधच्या जमीनधाऱ्याच्या इतिहासात आहे.

स्लीमन या कंपनीच्या रेसिडेंटने १८४९-५० मध्ये अवध राज्यात जो दौरा केला, त्याच्या वृत्तांतात तालुकदारांच्या गढ्यांभोवती मुद्दाम राखलेल्या जंगलांची वर्णने वारंवार येतात. काटेरी झुडपे आणि बांबूंची ही दाट कुंपणे म्हणजे सरंजामी सत्तेची तटबंदी होती. महसूल मागायला आलेल्या नवाबाच्या फौजेला चुकवायचे आणि कुळांवर जरब बसवायची, हा तिचा दुहेरी उपयोग. १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी दीड हजारांहून अधिक गढ्या पाडल्या आणि त्यांच्याभोवतीची जंगलेही साफ करविली. तालुकदारांचे दात असे काढून घेतल्यावर त्यांच्या जमिनी मात्र त्यांना सनदा देऊन परत करण्यात आल्या. साम्राज्याला जंगल नको होते, जमीनदार हवा होता.

यानंतर अवधच्या खेड्यातील झाड हे मालकीचे चिन्ह बनले. जमीनदाराच्या परवानगीवाचून कुळाला बाग लावता येत नसे. जो शेत कसतो त्याचा शेताच्या बांधावरील झाडावर हक्क असेलच असे नव्हते. बेदखली, नजराणा आणि बेगार यांनी पिचलेल्या या शेतकऱ्याला १९२० मध्ये संघटित करणारा नेता बाबा रामचंद्र. हा मूळचा मराठी, श्रीधर बळवंत जोधपूरकर नावाचा, फिजीच्या मळ्यांत गिरमिट्या मजूर म्हणून राबून परत आलेला माणूस होता, हे महाराष्ट्रात अजूनही फार थोड्यांना ठाऊक आहे. प्रतापगड-रायबरेलीपासून पेटलेल्या त्या आंदोलनाच्या रेट्याने १९२१ मध्ये अवधचा कूळकायदा दुरुस्त करावा लागला. पुढे ११ एप्रिल १९३६ रोजी लखनौ येथेच अखिल भारतीय किसान सभेची स्थापना झाली. जमीनदारी नष्ट करा, ही मागणी तेथून देशव्यापी झाली.

जमीनदारी जाणार हे दिसू लागताच जमीनदारांनी काय केले? हातची खाजगी वने व बागा तोडून लाकडाचा पैसा करण्याचा सपाटा लावला. तो आवरण्यासाठी उत्तर प्रदेशाला १९४८चा खाजगी वन कायदा करावा लागला. १९५०चा जमीनदारी निर्मूलन कायदा १९५२ मध्ये अमलात आला, आणि त्याच्या ११७व्या कलमाने गावातील तळी, वने आणि शेत, बाग व वस्ती यांच्या बाहेरची झाडे गावसभेकडे सोपविण्याची तरतूद केली. कागदावर ही मोठीच गोष्ट होती. गावाचे तळे, तळ्याकाठचा पिंपळ, पडीत जमिनीवरील पळसाची राई ही आता साऱ्या गावाची. परंतु जेथे गावसभेवर जुन्या जमीनदारांच्या व नव्या धनिक शेतकऱ्यांच्या गटाचे वर्चस्व राहिले, तेथे सामाईक जमीन ही त्यांच्या नांगराखाली हळूहळू सरकत गेली. गावतळ्यांवरील व सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात द्यावा लागला, यावरूनच दुखणे किती जुनाट झाले होते ते कळते. तळे बुजले की काठचे झाड जाते. काठचे झाड गेले की दोन आमरायांमधला दुवा तुटतो. धनेशाला ११७वे कलम ठाऊक नाही, पण त्याचे पोट त्या कलमाच्या अंमलबजावणीवर चालत आले आहे.

हरितक्रांतीच्या काळात उरलेल्या झाडांवर दुसरी कुऱ्हाड आली. कूपनलिका, ट्रॅक्टर आणि तुकडेजोड यांनी शेते सरळ व सलग झाली. बांधावरचे झाड हे सावली पाडणारे व ट्रॅक्टरच्या आड येणारे विघ्न ठरले. त्यावर उतारा म्हणून १९७९ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाने सामाजिक वनीकरणाची योजना उत्तर प्रदेशात आणण्यात आली. तिचे एक ठळक फळ म्हणजे निलगिरीच्या रांगा. लवकर वाढणारे, लवकर तोडता येणारे, लगद्याच्या व बल्ल्यांच्या बाजारात खपणारे झाड. गरिबाला सरपण मिळावे म्हणून काढलेल्या योजनेतून कारखान्याला कच्चा माल मिळाला. निलगिरीला ना धनेशाच्या उपयोगाचे फळ, ना ढोली होईल इतके आयुष्य.

राहता राहिल्या मलिहाबादच्या आमराया. दशहरी आंब्याचे मूळ झाड काकोरीजवळच्या दशहरी गावात आजही उभे आहे. ते दोनशे वर्षांचे मानतात. मलिहाबादी दशहरीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या सगळ्या गौरवाखाली जी अर्थव्यवस्था आहे ती मात्र गौरवास्पद नाही. लहान बागायतदार पुष्कळदा मोहर पाहूनच, कधी त्याही आधी, बाग ठेकेदाराला विकून मोकळा होतो, कारण औषधाला, पाण्याला आणि घरखर्चाला रोख पैसा त्याच वेळी लागतो. ठेकेदाराला त्या एका हंगामापुरताच बागेत रस. पुढच्या दहा वर्षांनी झाडाचे काय होईल, मातीचे काय होईल, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तुडतुड्यांवर फवारण्यांमागून फवारण्या होतात. पोपट आणि वटवाघळे पळवून लावण्यासाठी राखणदार ठेवले जातात; गलोल घेऊन, डबा बडवीत दिवसरात्र बागेत राहणारा हा राखणदार बहुधा भूमिहीन मजूर असतो, आणि पाखरांचा शत्रू म्हणून शहरी निसर्गप्रेमी ज्याच्याकडे बोट दाखवितो तो हाच. त्याच्या हाती गलोल कोणी दिली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

वीटभट्ट्यांचीही गोष्ट येथे आलीच पाहिजे. भट्टीच्या धुरातील वायूंमुळे आंब्याच्या फळाचे टोक काळे पडते, ही व्याधी बागायतदारांच्या चांगल्या परिचयाची आहे. शहर वाढते तसा विटांचा खप वाढतो, विटा भाजण्यासाठी बागेशेजारची सुपीक माती खरवडली जाते, धुराने फळ नासते, नासलेल्या बागेचे उत्पन्न घटते आणि घटत्या उत्पन्नाची बाग जमिनीच्या दलालाच्या हाती पडते. विटा आणि भूखंड असे हे एकमेकांना हात देत पुढे सरकतात.

येथे एक खरी अडचणही मान्य केली पाहिजे. जुन्या आमराया दाट होऊन त्यांचे उत्पन्न घटते, म्हणून रहमानखेडा येथील केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था जुनी झाडे वरून छाटून त्यांचे पुनरुज्जीवन करण्याचे तंत्र शिकविते. बागायतदाराच्या हिताचे ते आहे. पण सरसकट छाटणी झाली म्हणजे वाळक्या फांद्या आणि ढोल्या जातात. हा विरोध भावनेच्या उमाळ्याने मिटणार नाही. बागेच्या कडेचे दोनचार म्हातारे वृक्ष, विशेषतः वड-पिंपळाच्या जातीचे, न छाटता राखावेत आणि त्यांच्यापायी होणारा तोटा सरकारने भरून द्यावा, हाच त्यातला व्यवहार्य मार्ग. १९७६च्या वृक्ष संरक्षण कायद्याने उत्तर प्रदेशात झाड तोडण्यावर परवान्याचे बंधन आणले. झाड राखण्याचा मोबदला मात्र दिला नाही. ज्या कायद्यात शेतकऱ्याच्या पदरी केवळ कचेरीचे हेलपाटे येतात, त्या कायद्याच्या सावलीत परवान्यांचा व्यापार तेवढा फोफावतो.

शहराच्या बाजूला तर नाटक आणखी उघडे आहे. कुकरैल ही गोमतीची एक लहान उपनदी. तिच्या काठी अकबरनगर नावाची कष्टकऱ्यांची वस्ती दशकानुदशके उभी होती. नदीचे पात्र मोकळे करायचे म्हणून जून २०२४ मध्ये हजाराहून अधिक बांधकामे बुलडोझर लावून पाडण्यात आली. रहिवाशांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, हरदोई रस्त्यावरील बसंत कुंज येथील सदनिकांत धाडण्यात आले. जुलैमध्ये त्याच मोकळ्या जागेत मोठ्या गाजावाजाने वृक्षारोपण झाले. याच कुकरैलच्या वनात रात्र सफारीचा प्रकल्प राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मंजूर केला. दिवे, वाहने आणि तिकिटे यांसह अरण्याचा बाजार मांडायला नदीकाठी जागा आहे. मोलकरणीच्या खोलीला नाही. वनक्षेत्रांत प्राणिसंग्रहालये व सफारी उभारण्यास आपली अंतिम मंजुरी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावले, तेव्हा कोठे या हौसेला थोडा लगाम बसला. आणि ज्या हरदोई रस्त्यावर विस्थापितांना नेले, तोच रस्ता पुढे मलिहाबादच्या आमरायांकडे जातो. शहर गरिबाला पुढे ढकलते आणि त्याच्या मागोमाग स्वतः सरकते. शहराला वळसा घालणारा शंभरेक किलोमीटरचा जो बाह्यमार्ग शेतांतून काढण्यात आला, त्याला नाव दिले आहे ‘किसान पथ’.

सरकारचे उत्तर तयार असते: आम्ही झाडे लावतो. जुलै २०१६ मध्ये उत्तर प्रदेशात एका दिवसात ५ कोटी रोपे लावल्याचा विक्रम जाहीर झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये हा आकडा २२ कोटींवर गेला आणि जुलै २०२४ मध्ये ३६ कोटींच्या पुढे. सरकारे बदलली, पक्ष बदलले, आकड्यांची चढण तीच राहिली. यांतली किती रोपे दुसरा उन्हाळा पाहतात, हा प्रश्न बाजूला ठेवू. सगळी जगली असे धरले तरी आज लावलेल्या रोपाला ढोली पडायला अर्धे शतक जावे लागते. मधल्या पन्नास वर्षांत धनेशाच्या मादीने कोठे बसावे?

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. केंब्रिज येथील काही संशोधकांनी घाना आणि उत्तर भारत या दोन प्रदेशांत पाहणी करून २०११ मध्ये असे मांडले की, शेतीत थोडी थोडी झाडे ठेवून उत्पन्न कमी घेण्यापेक्षा थोड्या जमिनीत भरघोस पीक काढून उरलेली जमीन निखळ वनासाठी सोडणे बहुतेक जातींच्या अधिक हिताचे आहे. या निष्कर्षाला हसण्यावारी नेता येणार नाही. घनदाट वनाशिवाय जगूच न शकणाऱ्या जाती कित्येक आहेत. बांधावरच्या पिंपळाने त्यांचे भागत नाही, आणि दुधवा-कतर्नियाघाटची अरण्ये अभंग राखण्याला पर्याय नाही. परंतु या मांडणीतला एक दुवा शास्त्रज्ञांच्या हाती नसतो: पीक वाढल्यावर जी जमीन ‘उरते’ ती कोणाच्या मालकीची आणि ती वनाला कोण सोडून देणार? पंजाबात, पश्चिम उत्तर प्रदेशात गव्हाचे उत्पन्न कित्येक पट वाढले. त्यामुळे किती एकरांवर वन परत आले? वाढलेल्या उत्पन्नाने जमिनीची किंमत वाढते, आणि लखनौच्या वेशीवर तर शेतातून सुटलेली जमीन थेट भूखंडांच्या नकाशात जाते. ज्या मैदानी मुलुखात मूळचे वन शतकांपूर्वीच संपले, तेथे राखायला उरले आहे ते शेतांमधले झाडच.

झाडे राखली म्हणजे सारे साधले, असेही नव्हे. १९९०च्या दशकात गिधाडे उंच झाडे जागेवर असतानाच कोसळली. गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने त्यांचा घात केला, आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी येईपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी जवळजवळ सगळीच नाहीशी झाली होती. आमराईत मारल्या जाणाऱ्या औषधांवर कडक देखरेख हवी ती यासाठी. फवारा मारणाऱ्या मजुराच्या फुप्फुसांत तेच औषध जाते, हे निराळे सांगायला नको.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे परप्रांताचा म्हणून पाहू नये. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. त्याचे जीवन धनेशासारखेच वड-उंबरांच्या फळांवर चालते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून गावाने राखलेल्या राईचे मोल दाखवून दिले. त्या देवरायांच्या आधाराने कोकणातले धनेश डोंगर आणि बागा यांच्यामध्ये ये-जा करीत आले. आज दोडामार्ग-सावंतवाडीत डोंगरच्या डोंगर रबराखाली गेले आहेत, आणि रत्नागिरीचा हापूसही मलिहाबादच्या दशहरीप्रमाणेच दलाल, फवारणी आणि कर्ज यांच्या तिढ्यात अडकलेला आहे. आंबा निराळा, तिढा तोच.

तेव्हा शेतकरी चळवळीने काही मागण्या आपल्या जाहीरनाम्यात सामील करून घेण्याची वेळ आली आहे. गावसभेच्या मालकीची तळी, पडीत जमिनी आणि त्यांवरील जुने वृक्ष यांची मोजणी गावकऱ्यांच्या समोर व्हावी आणि अतिक्रमण केलेली जमीन धनदांडग्यांकडून परत घ्यावी. भूमिहीनाच्या झोपडीपासून मोहिमेची सुरुवात करू नये. बागायतदाराला मोहराआधी सहकारी पतपुरवठा मिळाला आणि आंब्याला खरेदीची हमी मिळाली, तर ठेकेदाराची पकड सुटेल. कालव्याच्या काठी निलगिरीऐवजी वड, पिंपळ, पाकड, जांभूळ, मोह यांची सलग लागवड रोजगार हमीच्या कामातून करता येते. त्यात मजुरी आहे, सावली आहे, आणि दोन आमरायांना जोडणारी वाटही आहे. ढोली असलेल्या झाडासाठी बागायतदाराला वार्षिक भरपाई द्यायला फार मोठी रक्कम लागणार नाही. रोपलागवडीच्या एका दिवसाच्या मांडवांवर आणि जाहिरातींवर जे उधळले जाते त्याचा अंश त्याला पुरेल. यांतल्या पहिल्या कामाला तर कोणाच्या मंजुरीचीही वाट पाहावी लागत नाही. तळ्यांची नोंद गावच्या खतावणीत आहे, ती लेखपालाकडून मागून घेता येते, आणि कागदावरचे तळे जागेवर आहे की नाही हे पाहायला गावातली चार माणसे आणि एक सकाळ पुरते.